उपहास-कादंबऱ्या छोट्या पडद्यावर: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या पेठेतल्या एका माडीवर रविवारी संध्याकाळी आम्ही काही मंडळी जमतो. एखाद्या जुन्या उपहास-कादंबरीतलं प्रकरण मोठ्यानं वाचायचं, मग तिच्यावरच्या मालिकेचा एखादा भाग बघायचा आणि चहा येईपर्यंत भांडायचं, एवढाच कार्यक्रम. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत अडकलेली असल्यामुळे प्रश्नांना क्रमांक दिलेत. जिथे गोष्टीचा शेवट उघड होतो तिथे तसं आधी लिहिलं आहे.

१. विनोदी मालिका आणि उपहासाची मालिका यांत फरक तो काय? हसायचं दोन्हीकडे असतंच ना?

असतं, पण हसून झाल्यावर काय होतं ते बघा. विनोदी मालिकेत नायक धांदरटपणा करतो, फजिती होते, भाग संपतो, आपण मोकळे. उपहासात बहुतेक जण आपापलं काम चोख करत असतात. कारकून नियम पाळतो, प्राचार्य सही करतात, पुढारी भाषण ठोकतो, आणि या चोखपणातूनच कोणाचं तरी वाटोळं होतं. आपण हसतो, आणि थोड्या वेळानं लक्षात येतं की त्या कचेरीत आपणही रांगेत उभे होतो. याचा नमुना प्रश्न ४ मधल्या लंगड नावाच्या पात्रात सापडेल. सीमारेषा अर्थातच पुसट आहे. तिच्यावर बसलेली दोन नावं प्रश्न ६ आणि ७ मध्ये घेतली आहेत.

२. मी यातलं काहीच बघितलेलं नाही. एकच नाव सांगा.

'द वे वुई लिव्ह नाऊ'. अँथनी ट्रोलप यांची १८७५ची कादंबरी, बीबीसीने २००१ मध्ये चार भागांत केली, पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. लंडनमध्ये मेलमोट नावाचा एक धनाढ्य उपटतो. पैसा कुठून आला कोणाला ठाऊक नाही, पण वाडा मोठा आणि मेजवान्या त्याहून मोठ्या. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीपासून मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझपर्यंत रेल्वे टाकायची म्हणून कंपनी निघते. रूळ टाकण्याची घाई कोणालाच नाही. शेअरचा भाव चढता राहिला की झालं. उमराव मंडळी मेलमोटला मनातून हलका समजतात आणि संचालक मंडळावर खुर्ची मिळावी म्हणून त्याच्याच उंबऱ्यावर तिष्ठत बसतात. डेव्हिड सुशे यांचा मेलमोट बघताना त्याची चीड येते आणि त्याच्या भोवतालच्या सभ्य माणसांची त्याहून जास्त येते. ट्रोलपना नेमकं हेच साधायचं होतं.

चार भाग म्हणजे एका सुट्टीत संपणारं काम. शिवाय दामदुप्पट योजनेत पैसे घालून बसलेला एकही नातेवाईक नाही असं घर आपल्याकडे विरळाच. आमच्या माडीवर दुसऱ्या भागानंतर ट्रोलपचं नाव कोणी काढलं नाही. बोलणं सगळं घरच्याच काका-मामांवर गेलं.

३. आधी पुस्तक वाचू की आधी मालिका बघू?

पुस्तकाची पहिली तीस-चाळीस पानं, मग मालिका, मग उरलेलं पुस्तक. लेखकाचा आवाज कानात बसायला तेवढी पानं पुरतात. तो बसला की मालिकेनं काय ठेवलं आणि काय गाळलं ते आपोआप कळतं. अख्खं पुस्तक आधी वाचलंत तर पडद्यासमोर बसून नुसता हिशेब तपासत राहाल.

४. 'राग दरबारी'वर मालिका झाली होती म्हणतात. खरं का? आणि कादंबरीला तिनं न्याय दिला का?

झाली होती. श्रीलाल शुक्ल यांची हिंदी कादंबरी १९६८ची, तिला साहित्य अकादमी पुरस्कार १९६९चा. दूरदर्शनवर मालिका आली १९८६ मध्ये. तब्येत सुधारायला मामाच्या गावी आलेला रंगनाथ ओम पुरी यांनी केला आणि मामा, म्हणजे शिवपालगंजचे सर्वेसर्वा वैद्यजी, मनोहर सिंग यांनी. माणसं याहून चांगली निवडता आली नसती.

अडचण वेगळीच आहे आणि ती कादंबरीच्या पहिल्या पानावरच दिसते. रस्त्याकडेला एक ट्रक उभा आहे. शुक्ल सांगतात की पोलिसानं एका बाजूनं पाहिलं तर तो रस्त्याच्या मधोमध आहे असं म्हणता येईल, आणि चालकानं दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर कडेला आहे असं म्हणता येईल. आता इथे कॅमेरा लावून बघा. कॅमेऱ्याला एक जागा निवडावीच लागते, आणि निवडली की चालक तरी खोटा पडतो नाहीतर पोलीस. वाक्यात दोघेही एकाच वेळी खरे होते. पडद्यावर नुसता ट्रक उरतो. या कादंबरीची निम्मी ताकद असल्या वाक्यांत आहे, घटनांत नाही.

उलट लंगडचा भाग पडद्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. (इथे त्याचा शेवट उघड होतोय.) त्याला तहसिलीतून एका कागदाची नक्कल हवी असते. कारकून पाच रुपये मागतो. लंगडचं म्हणणं, दर दोनचा आहे. वाद विकोपाला जातो. लंगड शपथ घेतो की पैसे देणार नाही, नियमानंच नक्कल घेईन. कारकूनही तितक्याच निष्ठेनं शपथ घेतो की नियमानंच देईन. मग कादंबरीभर अर्जात त्रुटी निघत राहतात. अखेर नक्कल तयार होते तेव्हा लंगड आजारी असतो, आणि वेळेत न नेल्यामुळे ती फाडून टाकली जाते. इथे लेखकाच्या शेऱ्याची गरजच नाही. एक लंगडा माणूस आणि एक खिडकी, बस्स.

हे प्रकरण आम्ही वाचलं तेव्हा सुरुवातीला पोट धरून हसणारे एक निवृत्त तलाठीकाका हळूहळू गप्प झाले. वाचन संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "मुदतीनंतर फाडायची पद्धत बरोबर आहे. त्यात कारकुनाची चूक नाही." शुक्ल स्वतः उत्तर प्रदेशात प्रशासकीय सेवेत होते. त्यांना यापेक्षा चांगला अभिप्राय मिळाला असेल असं मला वाटत नाही.

५. मग कादंबरीत जो लेखक मध्ये मध्ये बोलतो, त्याचं मालिकेत करायचं काय?

माझ्या मते या सगळ्या विषयाची कळ इथेच आहे. उपहास पात्रांच्या तोंडी कमी असतो आणि सांगणाऱ्याच्या आवाजात जास्त. पात्रं तर गंभीरच असतात. तो आवाज मालिकेत कोणाच्या गळ्यात घालायचा यावर मालिका तरते किंवा बुडते.

सर्वात सरळ उपाय म्हणजे आवाज आवाजच ठेवायचा. इल्फ आणि पेत्रोव यांच्या १९२८च्या 'बारा खुर्च्या' या कादंबरीवर मार्क झाखारोव यांनी १९७६ मध्ये चार भागांची मालिका केली. पडद्यावर आंद्रेई मिरोनोव यांचा ठग ओस्ताप बेंदर नाचतो, गातो, थापा मारतो, आणि मागे झिनोवी गेर्द यांचा कोरडा आवाज मूळ कादंबरीतली वाक्यं वाचत राहतो. चित्र जितकं उड्या मारतं तितका आवाज शांत. रशियन कळत नसलं तरी सबटायटल्ससह बघा, आवाजातला तो कोरडेपणा भाषेशिवाय पोचतो.

दुसरा उपाय लेखकालाच पडद्यावर आणायचा. गोगोलच्या झारकाळातल्या 'मृत आत्मे' या रशियन कादंबरीवर मिखाईल श्वाइत्झर यांनी १९८४ मध्ये मालिका केली, तिच्यात लेखक हे एक पात्रच आहे. थॅकरे यांच्या कादंबरीवरच्या २०१८च्या 'व्हॅनिटी फेअर'मध्ये मायकेल पॅलिन स्वतः थॅकरे बनून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला जत्रेतल्या फिरत्या घोड्यांजवळ येतात आणि खेळ मांडून निघून जातात. पहिल्या भागात मजा वाटते. नंतर ते सूत्रधार कमी आणि शोभेचे जास्त वाटू लागतात, कारण ऐन मोक्याच्या क्षणी, जिथे पुस्तकात थॅकरे चिमटा काढतात, तिथे हे नसतातच.

तिसरा उपाय, निवेदकाची वाक्यं एखाद्या शहाण्या पात्राच्या तोंडी घालायची. हा मला सर्वात कच्चा वाटतो. ते पात्र लगेच उपदेशक होतं आणि बाकीचे त्याच्यासमोर मूर्ख ठरतात. 'राग दरबारी'त रंगनाथही निर्दोष नाही. त्याला शहाणा करून टाकलं की कादंबरीच संपली.

आणि पार्श्वभूमीवर टेपवरचं हसू वाजवणं हा उपायच नव्हे. उपहासात प्रेक्षकाला हसावं की नाही असा प्रश्न पडला पाहिजे. टेप त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते.

६. 'चिमणराव-गुंड्याभाऊ' यात धरायचं का?

काटेकोर बोलायचं तर नाही, कारण ती कादंबरी नाही. चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाच्या तोंडून सांगितलेल्या त्या सुट्या गोष्टी. बडोद्यात राहून पाली भाषा शिकवणारा हा विद्वान पुण्यातल्या मध्यमवर्गीय घराच्या खोड्या काढत होता. मुंबई दूरदर्शनवर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मालिका झाली, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आपल्याकडे ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता तेसुद्धा ही नावं सांगतात.

पण मी तिला आत घेतो. प्रश्न ५ मधली अडचण तिनं फार हुशारीनं सोडवली आहे. गोष्ट सांगणारा चिमणराव स्वतःच नायक आहे आणि आपण हास्यास्पद आहोत हे त्याच्या गावीही नाही. म्हणजे उपहासाचा आवाज आणि नटाचा चेहरा एकच झाला. प्रभावळकर एकदाही 'बघा मी किती वेंधळा' असं सुचवत नाहीत. इंग्रजीत याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ग्रोस्मिथ बंधूंची 'द डायरी ऑफ अ नोबडी'. ती १८८८-८९ मध्ये 'पंच' साप्ताहिकात क्रमशः आली, १८९२ मध्ये पुस्तक झालं. २००७ मध्ये बीबीसीवर ह्यू बॉनव्हिल यांनी एकट्यानं ती रोजनिशी कॅमेऱ्याकडे बघत सादर केली. चिमणराव आवडला असेल तर त्या रोजनिशीचा नायक मिस्टर पूटर आवडणारच.

७. आमच्या घरात कन्नड बोलतात, शेजारी तेलुगू. त्या बाजूचं काही सांगा की.

'मालगुडी डेज' तर सगळ्यांनीच पाहिली आहे. १९८०च्या दशकातली, दिग्दर्शन शंकर नाग, रेखाटनं आर. के. लक्ष्मण यांची, चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंबेत. तिला गोड आठवणींची मालिका म्हणून बाजूला ठेवतात, ते मला पटत नाही. तिच्यातला मिठाईवाल्याचा भाग आर. के. नारायण यांच्या १९६७च्या 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' या कादंबरीवर आहे. जगन गांधीवादी आहे, चरखा चालवतो, जिभेवर ताबा ठेवावा असं सांगतो, आणि धंदा मिठाईचा करतो. मुलगा अमेरिकेतून परततो ते गोष्टी लिहिणारं यंत्र विकायची योजना घेऊन. आज तो भाग लावला की तरुण पोरं एकमेकांकडे बघून हसतात, कारण ते यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

तेलुगूत सोलापूरच्या पूर्वभागातले वाचक हमखास गुरजाडा अप्पाराव यांच्या 'कन्याशुल्कम'चं नाव घेतात. उपहास अस्सल, पण ते नाटक आहे, म्हणून या पानाबाहेर. कादंबरीच हवी तर मोक्कपाटी नरसिंह शास्त्री यांची 'बॅरिस्टर पार्वतीशम' वाचा. मोगलतुरूहून बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघालेल्या तरुणाची फजिती तिच्यात आहे. घरातल्या आजोबांकडून मोठ्यानं वाचून घेतली तर अधिक चांगलं.

८. 'जी मंत्रीजी' आणि 'पंचायत' कुठल्या कादंबऱ्यांवर आहेत?

दोन्ही कुठल्याच नाहीत. 'जी मंत्रीजी' (२००१, फारूक शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव) ही बीबीसीच्या 'येस मिनिस्टर'ची भारतीय आवृत्ती. 'येस मिनिस्टर' आधी पडद्यावर आली आणि पुस्तकं नंतर, मंत्र्याची रोजनिशी म्हणून. 'पंचायत' (२०२०) स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. 'राग दरबारी'शी तिची तुलना सारखी होते, पण फुलेरा हे शिवपालगंजपेक्षा बरंच मायाळू गाव आहे. सचिवजींना तिथे चहा तरी मिळतो.

याच रांगेत 'कक्काजी कहिन' (१९८८, ओम पुरी) येते. ती मनोहर श्याम जोशी यांच्या 'नेताजी कहिन' या व्यंगलेखांवर होती. छापील मूळ आहे, कादंबरी नाही.

९. 'गलिव्हर' ही तर मुलांची गोष्ट. ती इथे कशाला?

कारण आपण शाळेत तिचे चारातले दोनच प्रवास वाचले, बुटक्यांचा आणि राक्षसांचा. जोनाथन स्विफ्ट यांचं पुस्तक १७२६चं. तिसऱ्या प्रवासात हवेत तरंगणाऱ्या बेटावरचे विद्वान आहेत, आणि चौथ्यात शहाणे घोडे राज्य करतात आणि माणसासारखी जनावरं चिखलात लोळतात. बहुतेक रूपांतरं बुटक्यांच्या लिलिपुटमध्येच संपतात. १९९६ची दोन भागांची मालिका (दिग्दर्शक चार्ल्स स्टरिज, गलिव्हर टेड डॅन्सन) चारही प्रवास करते. शशी कपूर तिच्यात त्या तरंगत्या बेटाचे, म्हणजे लापुटाचे, राजे आहेत, हे सांगितलं की आमच्याकडे वयस्कर मंडळी खुर्ची पुढे ओढतात.

निवेदकाचा प्रश्न तिनं असा सोडवला: गलिव्हर घरी परतलाय, सगळ्यांना प्रवासाच्या गोष्टी सांगतोय, आणि लोक त्याला वेडा ठरवून इस्पितळात डांबतात. प्रवास आणि वेड्यांचं इस्पितळ यांच्यात दृश्य पुढेमागे होत राहतं. स्विफ्टमध्ये असं काही नाही. तरी मला हा बदल पुस्तकाशी इमान राखणारा वाटतो, कारण स्विफ्टचा गलिव्हरही शेवटी माणसांत बसू शकत नाही, तबेल्यात घोड्यांशी गप्पा मारतो. लहान मुलांना दाखवायला हरकत नाही, मात्र दुसऱ्या भागात प्रश्न फार विचारतील.

१०. डिकन्सच्या मालिका किती लांबण लावतात! बघाव्यात का?

दोन बघा. 'ब्लीक हाऊस' (बीबीसी, २००५) पंधरा भागांची आहे. पहिला तासाचा, बाकी अर्ध्या-अर्ध्या तासाचे. मूळ कादंबरी १८५२-५३ मध्ये महिन्याच्या हप्त्यांनी आली होती, त्यामुळे प्रत्येक तुकड्याअखेर वाचकाला लटकवून ठेवायची सवय तिच्या हाडातच आहे. मालिकेनं ती सवय वापरली आणि दैनंदिन मालिकेसारखी लय पकडली. जार्नडिस विरुद्ध जार्नडिस हा वारसाहक्काचा खटला पिढ्यान्‌पिढ्या चालतो. (शेवट उघड होतोय.) निकाल लागायची वेळ येते तेव्हा सगळी इस्टेट खटल्याच्या खर्चातच संपलेली असते. बांधाच्या वादात वकिलाला जमीन विकून फी दिलेली माणसं आपल्या जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत.

'लिटल डॉरिट' (२००८, चौदा भाग) मध्ये डिकन्सनं एक सरकारी खातं उभं केलंय, ज्याची सगळी विद्या 'काम कसं करायचं नाही' यातच आहे. खातं एकाच घराण्यानं व्यापलंय. आमच्याकडे निवृत्त सरकारी नोकरांची ही सर्वात आवडती मालिका, आणि का ते कोणीच सांगत नाही.

११. मी शिक्षिका आहे. शाळेवर काही आहे का?

'डिक्लाइन अँड फॉल'. एव्हलिन वॉ यांची १९२८ची कादंबरी, बीबीसी २०१७, तीन भाग. दुसऱ्यांच्या मस्तीपायी कॉलेजातून हाकललेला एक साधा मुलगा वेल्समधल्या टुकार शाळेत मास्तर होतो. मुख्याध्यापकांच्या भूमिकेत प्रश्न २ मधले डेव्हिड सुशे. वर्गात दाखवू नका, स्टाफरूममध्ये चालेल.

१२. 'कॅच-२२'ची मालिका चांगली की वाईट? दोन्ही मतं ऐकली.

मालिका म्हणून चांगली, रूपांतर म्हणून अर्धीच. जोसेफ हेलर यांची युद्धावरची ही कादंबरी १९६१ची. तिच्यात काळ उलटसुलट आहे. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, प्रत्येक वेळी थोडा अधिक उलगडतो, आणि ज्यावर आपण आधी हसलो तेच शेवटी भयानक ठरतं. २०१९ची सहा भागांची मालिका (नायक योसॅरियन झालाय ख्रिस्तोफर अ‍ॅबट, एक दिग्दर्शक आणि नट जॉर्ज क्लूनी) घटना क्रमानं लावते. कळायला सोपं जातं, विमानातली दृश्यं अंगावर येतात. पण क्रमानं लावल्यावर हसू आधी संपतं आणि भीती नंतर सुरू होते. हेलरमध्ये ती दोन्ही एकाच क्षणी असतात.

कादंबरी अर्धवट सोडलेल्यांना मी मात्र ही मालिका आवर्जून सुचवतो. कोण कोणाचा कोण हे एकदा कळलं की पुस्तक पुन्हा हातात घेता येतं. प्रश्न ३ मधल्या क्रमाला हा अपवाद समजा.

१३. हे इंग्रजांचं न् रशियनांचं बघून आपल्याला काय मिळणार बे?

तुला काही मिळणार नाही बे. पण लंगड, मेलमोट आणि जार्नडिसचा खटला बघून झाला की पुढच्या वेळी कचेरीतून परतताना रागाबरोबर थोडं हसूही येईल. तेवढंच.

१४. मालिकेत शेवट का बदलतात?

कारण उपहासाचा शेवट बहुधा कोंडीत होतो आणि पडद्याला दार उघडं लागतं. 'अ‍ॅनिमल फार्म' बघा. (शेवट उघड.) जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४५च्या पुस्तकात जनावरं मालकाला हाकलून शेत ताब्यात घेतात, मग डुकरंच मालक होऊन बसतात; शेवटी डुकरं कोण आणि माणसं कोण हे खिडकीतून बघणाऱ्या जनावरांना ओळखता येत नाही, आणि तिथेच पडदा. १९५४च्या कार्टूनपटात जनावरं पुन्हा बंड करतात. त्या चित्रपटामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता. १९९९च्या टीव्ही चित्रपटात डुकरांचं राज्य कोसळतं आणि शेतावर नवं, भलं माणूस-कुटुंब येतं. पहिल्या बदलात निदान जनावरं स्वतः काहीतरी करतात. दुसऱ्यात चांगला मालक मिळाला की प्रश्न सुटला असं निघतं, आणि ऑर्वेल नेमके त्याच समजुतीशी भांडत होते. पुस्तक जेमतेम शंभर पानांचं आहे, तेच वाचा.

१५. सोव्हिएत रशियात सरकारवर उपहास चालायचा का?

झारच्या काळावर चालायचा, म्हणून गोगोल सुरक्षित. स्वतःच्या काळावर फार जपून. मिखाईल बुल्गाकोव यांनी 'कुत्र्याचं काळीज' १९२५ मध्ये लिहिली; त्यांच्या देशात ती छापली गेली १९८७ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी व्लादिमीर बोर्त्को यांनी लेनिनग्राड टेलिव्हिजनसाठी तिच्यावर दोन भागांचा चित्रपट केला. एक सर्जन भटक्या कुत्र्यात माणसाच्या ग्रंथी बसवतो, कुत्रा माणूस होतो, दारू पितो, घोषणा शिकतो आणि सरकारी खात्यात साहेब होतो. खातं कुठलं, तर शहरातली भटकी मांजरं संपवण्याचं! सगळं फिकट तपकिरी रंगात, जुन्या फोटोसारखं. या पानावरच्या सगळ्या नावांत मला हे सर्वात वर ठेवावंसं वाटतं. इथे लेखकाचा आवाज शोधत बसावं लागत नाही. पहिली काही मिनिटं तो कुत्राच बोलतो.

१६. जुन्या उपहासात बायकांवर, जातीवर, रंगावर केलेले विनोद आता टोचतात. तरी बघायचं?

बघायचं आणि टोचलं तर तसं म्हणायचं. 'राग दरबारी'त बाई जवळपास दिसतच नाही. बेलाबद्दल गावभर बोललं जातं, पण ती बोलत नाही. 'व्हॅनिटी फेअर'मध्ये मिस स्वार्ट्झ या श्रीमंत वारसदारणीच्या रंगावरून थॅकरे जे लिहितात ते आज वाचवत नाही. मालिका करणाऱ्यानं अशा ठिकाणी हसू वळवावं, तिच्या रंगावरून तिच्या पैशावर डोळा ठेवणाऱ्यांकडे. नुसतं कापून टाकलं तर त्या समाजाला आपण फुकटात माफ केल्यासारखं होतं.

१७. मराठी वाहिन्यांवर असं का येत नाही?

दैनंदिन मालिकेला सोसणारी एक चांगली व्यक्ती लागते, जिच्यासाठी प्रेक्षक रोज रात्री परत येईल. उपहासात अशी व्यक्ती नसते, सगळेच थोडेथोडे बरबटलेले. शिवाय या कादंबऱ्यांत कथानक पुढे सरकतच नाही, आणि तेच त्यांचं म्हणणं असतं. अशी गोष्ट शेकडो भाग ताणली की निव्वळ विनोदी मालिका उरते.

सहा-आठ भागांत मात्र जमेल. रमेश इंगळे उत्रादकर यांची 'निशाणी डावा अंगठा' घ्या. प्रौढ साक्षरतेची मोहीम कागदावर कशी यशस्वी होते याची ती गोष्ट. पुरुषोत्तम बेर्डे यांनी २००९ मध्ये चित्रपट केला, पण चित्रपटात घाई होते. रोजची टाचणं, अहवाल, बैठका, तपासणीच्या आदल्या रात्रीची धावपळ यांना सावकाश वेळ हवा. ओटीटीवाल्यांपैकी कोणी वाचत असेल तर आमची माडी पटकथेच्या वाचनाला फुकट आहे.

१८. पुस्तकं आणि मालिका मिळतात कुठे?

पुस्तकांसाठी आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा. मालिकांचं काही खरं नसतं, आज एका ओटीटीवर असते ती उद्या दुसरीकडे जाते. नाव आणि वर्ष दोन्ही टाकून शोधा, कारण 'व्हॅनिटी फेअर' एकट्या बीबीसीनंच १९६७, १९८७ आणि १९९८ मध्ये केली आहे. इंग्रजी उच्चार पकडता येत नसतील तर इंग्रजीच सबटायटल्स लावा, त्यात लाज कसली.

१९. आमचा कॉलेजचा ग्रुप आहे. एखाद्या कादंबरीवर यूट्यूबसाठी छोटी मालिका करायची आहे. परवानगी लागते का?

लेखक कधी वारले त्यावर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२४ पासून मोकळं. ऑर्वेल १९५०, आपल्याकडे २०११ पासून मोकळे. श्रीलाल शुक्ल २०११ मध्ये गेले, त्यामुळे 'राग दरबारी'साठी २०७१ अखेरपर्यंत परवानगी लागेल. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, तिथे २०६० अखेरपर्यंत.

तीन ठिकाणी पोरं फसतात. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापल्या गेलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी तुमच्या हातातल्या मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाकडे असतो, म्हणून ऑर्वेल करायचा तर संवाद इंग्रजीवरून स्वतः लिहा. आणि जुन्या मालिकेतली वाक्यं, संगीत किंवा शीर्षकचित्रं उचलली तर तो वेगळाच हक्क मोडतो. चिमणराव मोकळा झाला म्हणून दूरदर्शनची चिमणराव मालिका मोकळी झाली नाही.

चित्रीकरण विनाफायदा आहे, कॉलेजचं आहे, यूट्यूबवर जाहिराती बंद ठेवल्यात, यापैकी कशानंही परवानगी आपोआप मिळत नाही. लेखकाचे वारस किंवा प्रकाशक यांना पत्र लिहा, भाग किती आणि कुठे दाखवणार ते त्यात स्पष्ट करा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवर मिळालेलं "करा हो बिनधास्त" पुढे कोणी मानत नाही.